एका तळटीपेच्या चार बाजू

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत 'येस' या इंग्लिश रॉक बँडच्या 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' या १९७३ सालच्या अल्बमवर लेख आला आहे. जुने चाहते तो आता पुन्हा काढून ऐकताहेत, काहींना तो अजोड वाटतो, काहींना तेव्हाही फुगवलेला वाटायचा आणि आजही वाटतो, असा लेखाचा एकूण सूर. मी तो दोनदा वाचला. एकदा वाचक म्हणून आणि एकदा सवयीने, हातात पेन्सिल घेऊन. बत्तीस वर्षं मुद्रितशोधनाचं काम केलंय. नोकरी सुटली, पेन्सिल सुटत नाही.

तर आधी चुका. लेखात अल्बमची लांबी 'दीड तास' दिली आहे. मूळ रेकॉर्डवर चारच रचना आहेत, एकेका बाजूला एकेक: २० मिनिटं २७ सेकंद, २० मिनिटं ३८ सेकंद, १८ मिनिटं ३४ सेकंद आणि २१ मिनिटं ३५ सेकंद. बेरीज ८१ मिनिटं १४ सेकंद. दीड तासाची असते ती कॅसेट. मला तर वाटतं, लेखकाने हा अल्बम माझ्यासारखाच नव्वदच्या कॅसेटवर पहिल्यांदा ऐकला असावा आणि तोच आकडा डोक्यात राहिला असावा. तसं असेल तर ही चूक मी प्रेमाने माफ करते.

दुसरी चूक. कीबोर्ड वाजवणारा रिक वेकमन या अल्बमला कंटाळून बँड सोडून गेला 'तो कायमचा', असं छापलंय. १९७४ मध्ये तो गेला हे खरं, पण १९७६ मध्ये परतही आला. नंतर पुन्हा गेला, पुन्हा आला. त्या बँडमधलं येणं-जाणं नीट मांडायचं तर तुमचं अख्खं पान जाईल. तिसरी चूक जरा मोठी आहे आणि चौथी विचित्र आहे. त्या ओघात येतील.

पण पत्र निव्वळ चुकांसाठी नाही. लेख वाचल्यावर मी दादाला फोन केला आणि त्यातून गेले चार रविवार आमच्याकडे जे झालं, ते सांगायचंय.

कॅसेटपासून सुरुवात करते. दादा तेव्हा कॉलेजात होता, मी नववीत. त्याच्या मित्राकडे ही दोन तबकड्यांची रेकॉर्ड होती. दादाने ती एका रात्रीत कॅसेटवर उतरवून घेतली. हिशेब बघा कसा चोख बसतो: पहिल्या दोन बाजू मिळून ४१ मिनिटं ५ सेकंद, पुढच्या दोन मिळून ४० मिनिटं ९ सेकंद, आणि कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची. दोन्हीकडे चार-पाच मिनिटं कोरी फीत उरते. त्या कोऱ्या जागेत दादाने दुसरं काही भरलं नाही, याबद्दल मी आजही त्याची ऋणी आहे. डबीतल्या कागदावर त्याने बारीक इंग्रजी अक्षरात चारही नावं लिहिली होती आणि 'द रिमेम्बरिंग' लिहिताना मधला एक 'ई-एम' खाल्ला होता. तो मी लाल पेनने वर घालून दिला. माझं मुद्रितशोधन तिथून सुरू झालं म्हणायला हरकत नाही.

त्या रेकॉर्डला तिसऱ्या बाजूवर एके ठिकाणी चरा होता. रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. चऱ्यावरून सुई मागच्या फेऱ्यात पडायची आणि स्टीव्ह हाउच्या स्टील गिटारचा तेवढाच १.८ सेकंदांचा तुकडा पुन्हा वाजायचा. आमच्या कॅसेटवर तो तीनदा आहे. मग एक बारीक 'ठक' आणि गाडी पुढे. दादाने बहुधा टेबलाला टिचकी मारली असणार. मला हे काहीच माहीत नव्हतं. ते तीनदा येणं हा रचनेचाच भाग आहे, अशी माझी पक्की समजूत होती. इतकंच नाही, तो तिसऱ्या बाजूतला सगळ्यात जमलेला क्षण आहे असं माझं मत होतं, आणि ते मी लोकांना ऐकवतही असे. पुढे २००३ सालची सुधारित सीडी हाती आली, तेव्हा तो तुकडा एकदाच वाजून निघून गेला. जिन्यात नसलेल्या पायरीवर पाय पडावा तसं झालं.

मुद्रितशोधनात याला दुबार जुळणी म्हणतात. जुळाऱ्याची नजर मागच्या ओळीवर गेली की तीच ओळ परत जुळवली जाते. ती खोडायची असते. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या दुबार ओळी खोडल्या आणि माझी स्वतःची एक तिबार ओळ मात्र वीसेक वर्षं जपून ठेवली.

त्या २००३च्या सीडीवर आणखी एक पाठभेद निघाला. पहिल्या रचनेच्या आधी जवळजवळ दोन मिनिटांचं वाद्यांचं शांत प्रास्ताविक आहे, जे मूळ रेकॉर्डवर नव्हतंच. त्यामुळे २० मिनिटांची रचना २२ मिनिटांची झाली. ते वाजवलंही त्याच लोकांनी, १९७३ मध्येच; फक्त रेकॉर्ड निघताना ते गाळलं गेलं. आता मूळ पाठ कुठला धरायचा? मी रेकॉर्डच्या बाजूची आहे. रेकॉर्डवर सुई टेकली की काही क्षणांत गायक जॉन अँडरसनचा आवाज सुरू होतो, एकाच सुराभोवती घुटमळणारा, जवळजवळ पाठ म्हटल्यासारखा, आणि शब्दांवर शब्द चढत जातात. पायरी नाही, ओसरी नाही, एकदम माजघर. प्रास्ताविक जोडलं की तो धक्का जातो. दादाचं मत उलट आहे. त्याला प्रास्ताविक हवं. वाद अजून मिटलेला नाही.

तर दादाला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "अगं, ऐंशी मिनिटं आता कोण बसणार? आपण तेव्हा रिकामे होतो." त्याच्याकडे आता त्या रेकॉर्डची इंग्लंडात छापलेली एक जुनी प्रत आहे, उघडणाऱ्या कव्हरची. मी म्हटलं, ऐंशी नको, वीस मिनिटं बसू. एका रविवारी एक बाजू. बाजू संपली की यंत्र बंद, पुढची बाजू पुढच्या रविवारी. वहिनी संस्कृतची शिक्षिका होती, तिला रॉक संगीताचं काडीचं प्रेम नाही, पण बैठकीला ती हवीच होती. कारण तुमच्या लेखातली तिसरी चूक.

लेखात म्हटलंय की हा अल्बम 'चार वेदांवर' आधारलेला आहे. नाही. तो एका तळटीपेवर आधारलेला आहे. मार्च १९७३ मध्ये ड्रमर बिल ब्रुफर्डच्या लग्नात 'किंग क्रिम्झन' या दुसऱ्या बँडच्या जेमी म्यूरने अँडरसनला परमहंस योगानंदांचं 'ऑटोबायोग्राफी ऑफ अ योगी' वाचायला सुचवलं. त्याच महिन्यात बँड जपानला गेला. टोकियोतल्या हॉटेलात अँडरसन ते पुस्तक चाळत होता आणि पान ८३ वरच्या एका लांब तळटीपेत अडकला. श्रुती, स्मृती, पुराण आणि तंत्र असे शास्त्रग्रंथांचे चार वर्ग, आणि त्यांत धर्मापासून वैद्यक, वास्तुकला, कायदा, कला सगळं येतं, असं त्या टिपेत आहे. चार वर्ग, चार बाजू. झालं. पुढे अमेरिकेच्या दौऱ्यात सव्हाना गावच्या हॉटेलात तो आणि स्टीव्ह हाउ मेणबत्तीच्या उजेडात रात्रभर बसले आणि सकाळपर्यंत चारही रचनांचा आराखडा तयार झाला.

तळटीप वाचणाऱ्या माणसाबद्दल मला आदर आहे, हे मी आधीच कबूल करते. तळटिपा बारीक टाइपात असतात, वाचक त्या सोडून देतात, लेखक त्या शेवटच्या क्षणी घुसवतात, आणि चुका नेमक्या तिथेच राहतात. जगात कुणीतरी तळटीप वाचून ऐंशी मिनिटांचं संगीत केलं, हे ऐकून मुद्रितशोधक खूश होणारच. दादा म्हणाला, "एका टिपेवर चार बाजू! अख्खं पुस्तक वाचून संपवलं असतं तर काय केलं असतं यानं?"

वहिनीने मात्र कव्हर हातात घेतलं, नावं वाचली आणि पहिल्याच नावावर बोट ठेवलं. 'द रिव्हीलिंग सायन्स ऑफ गॉड' हे श्रुतीसाठी आहे. "पण श्रुती म्हणजे ऐकलेलं," ती म्हणाली. "रिव्हील झालेलं, हा इंग्रजी पुस्तकांनी दिलेला अर्थ. नाव तिथून आलंय. शब्दावरून गेला असता तर कानावरून काहीतरी नाव दिलं असतं त्यानं, आणि तेच रेकॉर्डला शोभलं असतं." बाकी तीन नावांना तिने चांगले गुण दिले. स्मृतीला 'द रिमेम्बरिंग', म्हणजे आठवलेलं, बरोबर. पुराणाला 'द एन्शंट', म्हणजे जुनं, बरोबर. तंत्राला 'रिच्युअल', म्हणजे विधी, चालेल. चार वेद म्हणाल तर ते चारही एका श्रुतीतच बसतात, म्हणजे तुमच्या लेखकाच्या हिशेबाने सगळा अल्बम पहिल्याच बाजूला संपायला हवा होता. आणि ही चौकडी कुठून आली तेही तिने सांगितलं. तंत्रग्रंथांत चार युगांना चार शास्त्रं दिली आहेत: कृतयुगात श्रुती, त्रेतायुगात स्मृती, द्वापारात पुराण आणि कलियुगात आगम, म्हणजेच तंत्र. "म्हणजे शेवटची बाजू आपली," दादा म्हणाला.

पहिली बाजू अजून उभी आहे. सतराव्या मिनिटाच्या आसपास वेकमनचं मिनीमूग सिंथेसायझर सुटतं तेव्हा दादाने डोळे मिटून बोटं हवेत हलवली, जशी कॉलेजात हलवायचा. ज्या माणसाला हा अल्बम आवडला नाही असं जगजाहीर आहे, त्याने या ठिकाणी काय वाजवून ठेवलंय ते ऐका. मन नसताना असं वाजत असेल तर मन असताना काय वाजत असेल!

दुसऱ्या रविवारी आम्ही कंटाळलो. हे स्पष्ट लिहिते, कारण पुन्हा ऐकणारे चाहते हे लपवतात. 'द रिमेम्बरिंग' सुरू होते तेव्हा मेलोट्रॉन नावाच्या कीबोर्डचे पडदे हळूहळू हलत राहतात, गाणं येतं, जातं, परत तेच येतं. सुंदर आहे, पण सुंदर मजकूरही भरताड असू शकतो. छपाईच्या धंद्यात फर्मा म्हणतात. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांत छापलं जातं. मजकूर साडेतीन फर्म्यांचा निघाला की लेखकाला दोन रस्ते असतात: कापून तीनवर आणा, नाही तर वाढवून चार करा. वाढवलेला मजकूर मला पहिल्या वाचनात ओळखू येतो. वाक्यं चुकीची नसतात, त्यांना फक्त घाई नसते. वेकमनची तक्रार पहिल्यापासून हीच होती: एका रेकॉर्डसाठी ऐवज जास्त होता, दोनसाठी कमी, म्हणून ताणला. एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं नीट बसतात. त्याहून जास्त भरलं तर चर दाटीने कापावे लागतात आणि आवाज बारीक होतो. म्हणजे बाजू हा फर्माच. आदल्या वर्षीच्या 'क्लोज टू द एज'मध्ये या लोकांनी एकच मोठी रचना एका बाजूवर बसवली होती आणि ती भरलेली वाटते. इथे चार फर्मे भरायचे होते. मला विचाराल तर दुसऱ्या बाजूतून पाच मिनिटं कापा, तिसरीतून चार.

तिसऱ्या बाजूला येण्याआधी गायींचं उरकते, कारण तुमच्या लेखाचा तिसरा हिस्सा गायींनी खाल्लाय. अँडरसनला हा अल्बम खेड्यात, मोकळ्या हवेत रेकॉर्ड करायचा होता. बँडमधल्या काहींना लंडन सोडायचं नव्हतं. शेवटी लंडनमधल्या मॉर्गन स्टुडिओत काम झालं आणि त्याची समजूत म्हणून तिथे पुठ्ठ्याची गाय, गवताच्या पेंढ्या, कुंपण असला देखावा उभा केला. वेकमन पलीकडे रेकॉर्डिंग करत असलेल्या 'ब्लॅक सॅबथ'कडे जाऊन त्यांच्या एका गाण्यात वाजवून आला. हे किस्से मजेदार आहेत. पण पन्नास वर्षं प्रत्येक लेखात गाय येते आणि गिटार येत नाही. गायीवर लिहायला संगीत ऐकावं लागत नाही, एवढंच त्याचं कारण.

'द एन्शंट' ही त्या अल्बममधली सगळ्यात हट्टी बाजू. निम्म्याहून जास्त भाग म्हणजे ढोलांचे तुटक ठेके आणि त्यावरून घसरत जाणारं स्टील गिटार. मध्ये अँडरसन जगभरातल्या भाषांतले सूर्याचे शब्द एकामागून एक उच्चारत जातो. लॅटिन, ग्रीक, आयरिश, मेक्सिकोच्या नाहुआंचा, आणि त्यात 'धूप'. मी नववीत होते तेव्हा कॅसेटवर हा शब्द ऐकून दचकले होते. हिंदीत धूप म्हणजे ऊन, हे कळायचं वय होतं, पण मराठी कानाला आधी देव्हाऱ्यातला धूरच आठवतो. इतक्या सूर्यांच्या रांगेत मध्येच कुणीतरी धूप जाळून गेलं, असं माझ्या मनात बसलं ते बसलंच. या वेळीही त्या जागी मला वास आला. वहिनी हसली. म्हणाली, "तुझी स्मृती दुसऱ्या बाजूला संपली नाही अजून."

आणि चऱ्याची जागा? दादाच्या आताच्या प्रतीवर चरा नाही. ती जागा आली तेव्हा आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तुकडा एकदा वाजला. दादाने टेबलावर टिचकी मारली.

मग शेवटची सहा-सात मिनिटं. सगळा कल्लोळ थांबतो, हाउ एकटा नायलॉनच्या तारांच्या गिटारवर उरतो आणि त्यावर एक साधं, छोटं गाणं येतं. बँडने पुढे २०१६-१७ च्या सुमारास या अल्बममधला काही भाग मंचावर परत आणला तेव्हा तिसऱ्या बाजूतून घेतलं ते एवढंच. शहाणपणाचं केलं. पण मला विचारलं तर आधीचा अकरा-बारा मिनिटांचा खडबडीत रस्ता चालून आल्याशिवाय त्या गाण्याचं पाणी गोड लागत नाही. म्हणजे मघाशी मी चार मिनिटं कापा म्हणाले ती कुठली, हे मला आता सांगता येत नाही. पेन्सिल घेऊन बसले होते. खूण एकही झाली नाही.

चौथ्या रविवारी भाची आली. चोवीस वर्षांची आहे, सगळं फोनवर ऐकते. तिने हा अल्बम आधीच ऐकून टाकला होता, चालायला जाताना, एका दमात. तिचं मत: "आत्या, सगळं एकच लांब गाणं वाटलं. कुठे काय बदललं कळलं नाही." तिला बसवलं. 'रिच्युअल'. २१ मिनिटं ३५ सेकंद, म्हणजे तबकडीचे सुमारे ७२० फेरे. ड्रमर ॲलन व्हाइटचा बँडबरोबरचा हा पहिलाच स्टुडिओ अल्बम, आणि इथे मध्यावर तो ढोलांचा जो दंगा उडवतो, त्याआधी ख्रिस स्क्वायरचं बास गिटार जे स्वतःच गायला लागतं, ते फोनच्या कानातल्या बोंडांत मावणारं नव्हे. स्क्वायर २०१५ मध्ये गेला, व्हाइट २०२२ मध्ये. दंगा विझतो, मग हळू आवाजात फ्रेंचमधली ओळ, आम्ही सूर्याचे आहोत अशा अर्थाची, आणि मग बँड सावकाश उतरणीला लागतो.

संपलं. सुई आतल्या चरात फिरत राहिली, दर फेऱ्याला एक 'टिक'. कुणी उठलं नाही. दहा-बारा टिका झाल्यावर दादा उठला आणि त्याने दांडी उचलली. भाची म्हणाली, "हे असं संपतं हे मला माहीतच नव्हतं. फोनवर लगेच दुसरंच काहीतरी सुरू झालं होतं."

माझं म्हणणं एवढंच आहे, संपादक महाशय. तुमच्या लेखकाने, आणि ज्या चाहत्यांची मतं त्यांनी दिली आहेत त्यांनी, हा अल्बम बहुधा ८१ मिनिटं सलग ऐकला आणि दमले. दमल्यावर कुणी त्याला फुगवलेला म्हटलं, कुणी दमण्यालाच साधना समजून डोक्यावर घेतलं. चारही बाजूंना आपापला शेवट आहे, आणि त्या शेवटानंतर उठून तबकडी उलटवायचा वेळही त्यात धरलेला आहे. सीडीने तो घालवला. २००३च्या आवृत्तीत तर पहिल्या तीन बाजू एका तबकडीवर सलग आहेत आणि चौथी एकटी दुसऱ्या तबकडीवर जाऊन बसली आहे. आमच्या कॅसेटनेही तो घालवला होता, दोन-दोन बाजू चिकटवून. दुसरी बाजू मला लहानपणापासून कंटाळवाणी वाटत आली, त्यात निम्मा दोष ती नेहमी पहिलीच्या पाठोपाठ, दमलेल्या कानांवर आली याचा असणार. निम्माच. भरताड आहे ते आहेच.

दादाने याला हरकत घेतली आणि ती नोंदवणं प्रामाणिकपणाचं होईल. तो म्हणाला, बाजू-बाजूने ऐकायचा होता तर त्यांनी मंचावर तो सलग का वाजवला? बरोबर आहे. नोव्हेंबर १९७३ मध्ये, रेकॉर्ड दुकानात यायच्या आधीच, इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी चारही रचना ओळीने वाजवल्या, त्याही 'क्लोज टू द एज'च्या जोडीला. समोरच्या बहुतेक लोकांनी यातला एक सूर आधी ऐकलेला नव्हता. याला माझ्याकडे एकच उत्तर आहे: मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये कार्यक्रम चालू असताना खुद्द वेकमनने कीबोर्डमागे बसून चिकन विंडालू खाल्लं. हा किस्सा तो स्वतःच सांगतो, आणि त्याच्या सांगण्याप्रमाणे अँडरसनही येऊन त्यातला पापड उचलून गेला. सलग वाजवणाऱ्यालाही भूक लागली, मग ऐकणाऱ्याचं काय घेऊन बसलात! (गायींवरून तुम्हाला बोलले आणि विंडालू मात्र मीही सोडला नाही. असो.)

तरी एक गोष्ट विसरू नये. याच अल्बमला तेव्हा लोकांनी ब्रिटनच्या यादीत दोन आठवडे पहिल्या क्रमांकावर ठेवलं होतं आणि अमेरिकेत तो सहाव्यापर्यंत गेला. तेव्हा तो कुणालाच आवडला नव्हता आणि आता अचानक त्याला न्याय मिळतोय, हे कथानक लेखाला सोयीचं आहे, खरं नाही.

शुद्धिपत्र छापणार असाल तर त्यात तीन गोष्टी घ्याव्यात. 'दीड तास'ऐवजी '८१ मिनिटं १४ सेकंद'. 'चार वेद'ऐवजी 'श्रुती, स्मृती, पुराण व तंत्र', आणि 'पुराण'मधला 'ण' कृपया ण-च छापावा. वेकमनच्या वाक्यातलं 'तो कायमचा' एवढं काढावं.

चौथी चूक तिसऱ्या स्तंभात, तळाशी आहे. तिथे अल्बमचं नाव एकदा 'टोबोग्राफिक ओशन्स' असं पडलंय. पाहिल्याबरोबर मी ते गोल करून समासात 'पो' लिहिलं. मग आठवलं, अँडरसनच्या मनात आधी हाच शब्द होता असा किस्सा आहे. रेकॉर्ड कंपनीच्या फिल कार्सनला तो ऐकताना 'टोपोग्राफिक' वाटला, आणि अँडरसनला तेच बरं वाटून नाव बदललं. तेव्हा मी माझा 'पो' खोडला आणि तुमच्या 'बो'खाली टिंबं दिली. आमच्या खुणांत त्याचा अर्थ 'राहू द्या' असा होतो.

आपली,
एक निवृत्त मुद्रितशोधक